डिस्पोजल तुंबल्यास: नवागतांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका अमेरिकेत नुकताच संसार थाटलेल्या जोडप्यांसाठी आणि मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला आलेल्या आईबाबांसाठी आहे. लागणारं साहित्य: एक टॉर्च, एक सांडशी, एक बादली, जुनं फडकं आणि "मी तर काहीच टाकलं नाही" असं म्हणणारी किमान एक व्यक्ती. शेवटची वस्तू विकत आणावी लागत नाही.

आधी यंत्राची ओळख करून घ्या. सिंकच्या एका भोकाला काळ्या रबराची झडप असते आणि भिंतीवर दोन-तीन बटणं असतात. एकाने दिवा लागतो, एकाने काय होतं ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि तिसरं दाबलं की सिंकखाली ट्रक सुरू झाल्यासारखं वाटतं. तेच डिस्पोजल. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टने ते १९२७ साली तयार केलं. पेटंट मिळायला १९३५ साल उजाडलं आणि १९३८ मध्ये त्याने कंपनी काढली. बायकोचे कष्ट वाचावेत म्हणून केलं, असं सांगतात. (ताटं उचलायला मदत केली असती तरी कष्ट वाचले असते, पण त्याचं पेटंट मिळत नाही.) न्यूयॉर्क शहराच्या बऱ्याच भागात या यंत्राला कित्येक वर्षं बंदी होती, जुन्या गटारांना हा भार झेपायचा नाही म्हणून. ती १९९७ साली उठली. तेव्हा क्वीन्सच्या मावशीकडे अजून डिस्पोजल नसेल तर तिला मागासलेली समजू नका.

नवशिक्यांचा पहिला गैरसमज म्हणजे आत मिक्सरसारखी धारदार पाती आहेत. तसं काही नसतं. तळाशी एक चकती गरगर फिरते, तिच्यावर दोन बोथट, हलते लोखंडी तुकडे असतात. ते खरकटं बाजूच्या खरखरीत कड्यावर भिरकावतात, तिथे ते खरवडलं जातं आणि पाण्याबरोबर निघून जातं. म्हणजे मऊ किंवा ठिसूळ आणि थोडं थोडं घातलेलं त्याला चालतं. लांब, चिवट, चिकट आणि फुगणारं चालत नाही. आता या यादीसमोर मराठी स्वयंपाकघर ठेवून पाहा.

भात. ताटातली चार शितं गेली तर हरकत नाही, पण कुकरच्या भांड्यातला कालचा उरलेला भात एकदम लोटला, तर तो नळीत बसून पाणी पितो, फुगतो आणि तिथेच घर करतो. साबुदाण्याच्या खिचडीबद्दल वेगळं सांगायला नको. एकादशीला बटाट्याची सालंही याच मार्गाने जातात आणि यंत्रात त्यांची खळ तयार होते. द्वादशीला प्लंबर. आमटीतल्या शेवग्याच्या शेंगा चघळून झाल्यावर उरलेला चोथा, कोथिंबिरीच्या काड्या, मक्याच्या कणसाचे केस हे सगळं त्या फिरत्या तुकड्यांभोवती गुंडाळलं जातं. आंब्याची कोय भोकातून आत जाते का, हा प्रयोग दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या घरी होतो. जाते. पुढे काहीच होत नाही.

आणि तूप. कढईतलं उरलेलं तूप किंवा तळणीचं तेल गरम असताना सरसर जातं, म्हणून फसगत होते. न्यू जर्सीच्या जानेवारीत ते चार हात पुढे जाऊन नळीला आतून लिंपून बसतं आणि मग येणारं प्रत्येक शीत त्याला चिकटतं. वरून गरम पाणी सोडलं तर ते फक्त आणखी थोडं पुढे जाऊन थिजतं, जिथे तुमचा हात पोचत नाही. म्हणूनच डिस्पोजल चालवताना पाणी थंड सोडायचं असतं: स्निग्धांश आतच गोठतो, बारीक होतो आणि वाहून जातो. चुकून गेलेल्या थोड्या तुपाला हा उपाय लागू. कढईभर तेलाला नव्हे.

आता रोगनिदान. बटण दाबा आणि कान द्या.

अजिबात आवाज नाही, तर मोटार तापून स्वतःच बंद पडली आहे. दहा-पंधरा मिनिटं थांबा, ओट्याखाली वाकून यंत्राच्या बुडाशी असलेलं लाल बटण आत ढकला. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. तरीही घरच्यांना हे लगेच सांगू नका, दहा मिनिटं टॉर्च मारत राहा.

नुसती गुणगुण ऐकू येत असेल, तर काहीतरी अडकलं आहे. तत्काळ बंद करा, नाहीतर मोटार जळेल. प्लग काढा किंवा मुख्य स्विच पाडा. हात आत घालू नका. बंद असतानाही नाही, "जरा बघतो" म्हणूनही नाही. यंत्राच्या बुडाशी मधोमध एक षटकोनी खाच असते, तिच्यात पाव इंची ॲलन की बसते. ती घालून मागे-पुढे फिरवा, चकती मोकळी होईल. मग वरून टॉर्च मारून सांडशीने अडकलेलं बाहेर काढा. बहुधा चमचाच असतो, आणि तोही भारतातून आणलेल्या सेटमधला.

मोटार छान फिरते पण पाणी वर येतं, शेजारच्या दुसऱ्या सिंकमध्येही वर येतं, म्हणजे बोळा पुढे, दोन्ही नळ्या एकत्र होतात त्याच्या पलीकडे आहे. इथे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा उपाय येतोच. भरपूर फेस येतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि नळीत उरतं ते सोडियम ॲसिटेटचं निरुपद्रवी पाणी. बोळा जागच्या जागी. दुकानातलं जळजळीत रसायन ओतू नका. ते नाही चाललं तर तेच पाणी पुढे प्लंजर मारताना तुमच्या डोळ्यांत उडतं.

प्लंजरचं काम दोघांचं आहे. एकाने दुसऱ्या सिंकचं भोक ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरायचं, नाहीतर हवा तिथून निसटते. डिशवॉशरची नळी डिस्पोजलला जोडलेली असेल तर ती आधी चिमट्याने आवळा, नाहीतर तुमचं खरकटं पाणी धुतलेल्या ताटांना भेटायला जाईल. प्लंजर स्वयंपाकघरासाठी वेगळा घ्या. बाथरूममधला आणलात, तर घरात आई असताना तुंबलेलं सिंक हा दुय्यम प्रश्न ठरेल.

एवढं करून भागलं नाही, तर सिंकखालची वाकडी नळी उघडा. तिच्या बाकात थोडं पाणी मुद्दाम साठवलेलं असतं, गटाराचा वास वर येऊ नये म्हणून. खाली बादली ठेवा, दोन्ही टोकांचे प्लॅस्टिकचे नट हाताने सोडवा, बाक उतरवा. आत राखाडी लगदा दिसेल. त्यात ओळखीचं बरंच काही असेल. ते चिवड्यातले शेंगदाणे आहेत की आणखी काही, याचा शोध घेऊ नका. नळी धुवा, वायसर होता तसा बसवा, नट हातानेच आवळा. पान्याने आवळलात तर प्लॅस्टिक फुटतं.

भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर नळी उघडायचा मोह टाळून मेंटेनन्सला कळवा. माणूस येईल, "काय टाकलं होतं?" असं विचारेल. तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहू नका, एकाने "भात" म्हणून टाका. त्याला सवय असते. तो येण्याआधी सिंकमध्ये साचलेलं पाणी वाटीने बादलीत काढून बाथरूममध्ये ओतून या, मात्र गाळून. न गाळता कमोडमध्ये ओतलंत, तर तो आलेलाच आहे, तेही काम त्याला दाखवून घ्या.