हलतंय का बघ!

ठाण्याचा आमचा हा मित्र दर शनिवारी जव्हारला येतो तो डोंगरात मोटरसायकल पळवायला, अशी त्याच्या बायकोची समजूत आहे. प्रत्यक्षात तो येतो ट्रॉली करायला. असा एकजण तुमच्याही ओळखीत असणारच. कुणाचा हिमालयात जायचा तंबू अजून दिवाणखान्यातच उभा असतो, कुणाच्या दुर्बिणीचा स्टँड पुरा होत नसतो.

ह्याच्याकडे दोन गाड्या. एक एक्सपल्स आणि दुसरी विनानंबराची, फक्त मातीत पळवायची. छोट्या हत्तीत घालून दोन्ही वडिलांच्या जव्हारच्या घरी आणून ठेवल्यात. इथून सूर्यमाळ, खोडाळा, दाभोसा अशा मोहिमा निघायच्या आहेत. विनानंबराची रस्त्यावर चालवता येत नाही, हे कबूल. पण एक्सपल्स तरी चालवत ने की! तर म्हणे, "डांबरावर टायर झिजतात." म्हणून जीपमागे लावायला ट्रॉली.

अँगलचा सांगाडा झाला, वर चेकर प्लेट बसली. मग त्याला कळलं की आस मधोमध चालत नाही. एकूण वजनाचा दहा-पंधरा टक्के भार हुकावर यायला हवा, नाहीतर तोरंगण घाटाच्या उतारावर ट्रॉली झोकांड्या खात जीपलाच ओढून नेईल. आस मागे सरकवला. मग मडगार्ड चाकावर येईना. ते कापलं. तेवढ्यात कागदपत्रं आठवली. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच. इंजिन नाही, स्वतःहून कुठे जात नाही, तरी मोटार वाहन! ही व्याख्या त्याला मनापासून पटली.

पण त्याचा खरा जीव रॅचेटच्या पट्ट्यांत. गाडी फळीवरून चढवायची, पुढचं चाक खाचेत बसवायचं, हँडलला दोन्हीकडून पट्टे लावून कटकट कटकट आवळायचे. फार आवळले तर पुढच्या शॉकअपचं ऑइल सील जातं, म्हणून चाक आणि मडगार्डच्या मध्ये लाकडाचा ठोकळा. मग गाडी धरून गदागदा हलवायची आणि मला विचारायचं, "हलतंय का बघ!" मी "नाही" म्हटलं तर त्याला संशय येतो. "हो, जरा हलतंय" म्हटलं की चेहरा फुलतो. सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून.

हळूहळू त्याला दुसरं काही दिसेनासं झालं. लग्नात मांडवाचा खांब धरून, "हलतंय का?" मुलीचे वडील आधीच घाबरलेले. आमच्या घरी पुस्तकांचं कपाट, "हलतंय!" एसटीत पुढच्या सीटचा दांडा, त्यावर झोपलेल्या म्हाताऱ्यासकट. मोखाड्याकडे बोहाड्याला गेलो, तर संबळाच्या तालावर रावणाचं सोंग रंगात आलेलं, आणि हा त्याच्या मुखवट्याच्या गाठींकडे बघत माझ्या कानात, "मागून सैल आहे रे."

एकदा त्याच्या मोहिमेच्या नियोजित पायवाटेनंच एक पोरगा स्प्लेंडर चालवत खाली उतरला. टाकीवर नागलीचं पोतं, मागे बायको, तिच्या काखेत कोंबडा. ह्यानं त्याला अडवलं. "अरे, पोतं बांधलं नाहीस?"

"कशाला? धरलंय ना."

असं उत्तर ऐकल्यावर हा दोन दिवस आजारी होता.

ही थट्टा मी आयुष्यभर केली असती. पण दिवाळी सरली आणि पाड्यापाड्यांवर पिकअप यायला लागल्या. भात कापून झालं की इथली कुटुंबं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. रोजगार हमी 1972 पासून ज्या राज्यात आहे, त्याच राज्यातली ही माणसं. पिकअपमध्ये गोधड्या, हंडे, तांदळाचं गाठोडं, कोंबड्यांचा डालगा, आणि ह्या सगळ्याच्या वर पोरं. फाळक्याला नायलॉनची जुनी दोरी. ड्रायव्हर घाई करत होता.

आमचा ट्रॉलीवाला थांबला. काही न बोलता जीपमधून चारही पट्टे काढून आणले. सामान खाली लावून घेतलं, पोरांना आतल्या बाजूला बसवलं, फाळका आवळला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तर त्याला असा काही दम भरला की मीच चपापलो. मग सवयीनं गाठोडं धरून गदागदा हलवलं. "हलतंय का बघा, आजी!"

"गाठोडं नाय हालत, बाबा," म्हातारी हसत म्हणाली. "आमीच हालतो."

पट्टे गेले ते गेलेच. साहजिकच मोहीम पुढे ढकलली. आता म्हणे होळीनंतर, नवे पट्टे आले की. परवा त्यानं मला मागणीची यादी दाखवली. ट्रॉलीला चार पट्टे लागतात. यादीत चोवीस होते. मी विचारलं, एवढे कशाला? तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "ह्यांच्या पिकअप पुन्हा दिवाळीनंतर येतील. तोवर ट्रॉली कुठे होतेय?"