उडी कुठल्या खात्यात?

सेवाशिबिराला निघालेल्या प्रत्येक चमूत एक निर्भयराव असतात. मूळ नाव काहीही असो, गाडी दौंड सोडायच्या आत त्यांना हे नाव पडलेलं असतं. ते डॉक्टर नसतात. बॅनर बांधणं, रांग लावणं, नंबर पुकारणं आणि पाहुण्यांचं भाषण लांबलं की घड्याळ दाखवणं, ही त्यांची खाती. वय पन्नाशी ओलांडलेलं. अंगात सात खिशांची पँट. नोंदणीच्या टेबलावर बसले की पहिल्या मिनिटाला शेजाऱ्याकडे पेन मागतात.

आमचे निर्भयराव नेत्रतपासणी शिबिरांचे. गेली काही वर्षं त्यांनी सेवेला साहसाची जोड दिली आहे. त्यांचं म्हणणं असं, की आपण दूरदेशी लोकांची सेवा करायला जातो, ते आधी स्वतःचं मन घट्ट करून जायला हवं. भित्रा माणूस काय सेवा करणार? म्हणून त्यांनी एका वहीत आपल्या भीत्यांची यादी केली आहे. मालवणच्या शिबिरानंतर तारकर्लीला स्कूबा करून ‘पाणी (खालचं)’ यावर बरोबरची खूण झाली. मेघालयातल्या एका शिबिराहून परतताना चेरापुंजीजवळच्या गुहेत शिरून ‘अंधार’ निकालात निघाला. गढवालला निघालो तेव्हा ‘पाणी (वाहतं)’ आणि ‘उंची’ एवढी दोनच कलमं उरली होती. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या दिवशी ‘ऋषिकेश : विश्रांती’ असं छापलं होतं. विश्रांती हा शब्द दिसला की निर्भयराव तिथे काहीतरी बुक करतात.

गाडीत त्यांनी बंजी जंपिंगचा इतिहास सांगितला. व्हानुआतूमधल्या पेंटेकॉस्ट बेटावरचे पुरुष घोट्यांना वेली बांधून लाकडी मनोऱ्यावरून जमिनीकडे उड्या घेतात. त्यावरून स्फूर्ती घेऊन ऑक्सफर्डच्या काही तरुणांनी 1 एप्रिल 1979 रोजी ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून रबरी दोर बांधून उड्या घेतल्या आणि पोलिसांनी त्यांना पकडलं. मग 1987 मध्ये न्यूझीलंडच्या ए. जे. हॅकेटनं आयफेल टॉवरवरून उडी घेतली. त्यालाही पोलिसांनी पकडलं. समोरच्या बाकावर शेंगा सोलत बसलेल्या एका आजींनी हे सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, “खालीच यायचं होतं, तर जिना बंद होता का?”

निर्भयराव हसले. अज्ञानी माणसाला हसून क्षमा करायची त्यांची पद्धत आहे.

शिबिर रुद्रप्रयाग जिल्ह्यात, मंदाकिनीच्या काठी. ज्यांनी असलं काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अक्षरओळख नसलेल्यांसाठी भिंतीवर ई या इंग्रजी अक्षराचा तक्ता लावतात. ई कधी उजवीकडे पाय पसरून, कधी खाली. पाय कुठे आहेत ते म्हाताऱ्यानं हातानं दाखवायचं. मग जवळचं पाहायचं. चाळिशीचे चष्मे खोक्यांतून तयारच असतात. पंचेचाळिशीला साधारण दीडचा, पन्नाशीला दोनचा नंबर. मोतीबिंदूचा संशय आला की बाहुली मोठी करायचे थेंब घालून बसवून ठेवायचं आणि पिकलेला निघाला की कपाळावर त्या डोळ्याच्या बाजूला खूण करून जीपनं खालच्या इस्पितळात पाठवायचं. शस्त्रक्रियेआधी साखर बघावी लागते, म्हणून एका टेबलावर बोट टोचून रक्ताचा थेंब घेतात.

निर्भयरावांना पहिल्या दिवशी त्या टेबलावर बसवलं. पहिल्या थेंबालाच ते खुर्चीसह मागे सरकले आणि “जरा हवा विरळ आहे इथे” म्हणत ओट्यावर जाऊन आडवे झाले. त्यांच्या वहीत ‘रक्त’ नव्हतं. पुढे मी ती वही चाळली तेव्हा ध्यानात आलं, की ज्याचं तिकीट मिळतं तेवढ्याच भीत्या तीत होत्या.

मग त्यांना नंबर पुकारायला उभं केलं. तिथे वेगळाच घोळ. छत्तीस नंबरच्या माणसाच्या जागी शहाऐंशीचा माणूस आत जाई आणि बाहेर भांडण जुंपे. आम्हाला वाटलं, नदीचा आवाज फार आहे, लोकांना ऐकू येत नसेल.

जून 2013 च्या महापुरात त्या खोऱ्यातले पूल वाहून गेले आणि कित्येक गावांनी पुढे पोलादी दोरावरच्या पाळण्यातून नदी ओलांडली. दोन्ही काठांवरून दोर हातानं ओढायचा. आमच्या शिबिराच्या वेळीही असा एक पाळणा समोर चालू होता. दप्तरं पाठीला लावलेली पोरं त्यातून येत, गवताचे भारे घेतलेल्या बाया येत. एक आजी आली, तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पांढराशुभ्र पिकलेला. तिला खाली न्यायचं ठरलं तर ती जायला तयार होईना. निर्भयराव पुढे झाले. भीती म्हणजे काय, तिच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा, हे त्यांनी मुंबईच्या हिंदीत दहा मिनिटं समजावलं. आजीनं पूर्ण ऐकून घेतलं.

“डर किस बात का? भैंस कौन दुहेगा?”

याला निर्भयरावांच्या पद्धतीत उत्तर नव्हतं. शेवटी आमच्या खजिनदार बाईंनी शेजारणीला गाठून तीन दिवसांचं दूध कुणी काढायचं ते ठरवून दिलं, तेव्हा आजी जीपमध्ये चढली.

त्याच दुपारी निरोप आला, की पलीकडच्या गावात एक म्हातारबाबा अंथरुणाला खिळलेत, त्यांना पाहायला कुणीतरी यावं. डॉक्टर पोरगी टॉर्च खिशात घालून निघाली, तिच्यासोबत सामान घेऊन निर्भयरावांनी जायचं ठरलं. ते पाळण्यापाशी गेले. पट्टा कुठाय विचारलं. हेल्मेट विचारलं. शेवटी वजनाची मर्यादा विचारली. दोर ओढणारा मुलगा म्हणाला, “काल दोन सिलेंडर नेले.” निर्भयरावांनी पाळण्याच्या कडीला एका बोटानं हात लावून पाहिला आणि हे प्रमाणित नाही, असा निर्णय दिला. सामान मांडीवर घेऊन पोरगी एकटीच पलीकडे गेली. निर्भयरावांनी तिचा व्हिडिओ मात्र छान काढला.

विश्रांतीचा दिवस उजाडला. गंगेवर ऋषिकेशच्या वरच्या अंगाला मरीन ड्राइव्ह नावाची जागा आहे. तिथे ना भेळ ना कठडा, पण नाव तेच. तिथून राफ्ट सुटल्या. नदीच्या प्रत्येक उसळत्या टप्प्याला तिथे नाव आहे आणि त्यातल्या एकाचं नाव ‘थ्री ब्लाइंड माइस’. आमचे नेत्रतज्ज्ञ वल्हं आडवं ठेवून म्हणाले, “तिघांनाही थेंब घालून बसवा.” ‘रोलर कोस्टर’पाशी गाइड ‘फॉरवर्ड’ म्हणून ओरडला. निर्भयरावांनी सगळं बळ एकवटून वल्हं उलटं मारलं आणि राफ्ट गोल फिरून आम्ही तो टप्पा पाठमोरे उतरलो. पुढच्या थांब्यावर मॅगी खाताना त्यांनी वहीत खूण केली.

उंचीसाठी मोहनचट्टी. कड्यातून बाहेर काढलेला चौथरा, खाली 83 मीटरवर ओढा. तिथे आधी वजन करून आकडा मार्करनं हातावर लिहितात. निर्भयरावांच्या मनगटावर 92 उमटला आणि त्यांनी लगेच बाही खाली ओढली. मग फॉर्म. जिवाचं काही बरंवाईट झालं तर जबाबदारी आपली, अशा अर्थाचा बारीक टायपातला मजकूर. निर्भयरावांनी तो हातभर लांब धरला, मग आणखी लांब. मग उजेडाला दोष दिला आणि न वाचता सही केली. खजिनदार बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण छत्तीस आणि शहाऐंशीचा उलगडा त्यांना बहुधा त्या क्षणी झाला असावा.

चौथऱ्यावर गेल्यावर निर्भयरावांनी पायाला दोर बांधणाऱ्या तरुणाला पेंटेकॉस्ट बेटाची माहिती द्यायला सुरुवात केली. ते क्लिफ्टन पुलापर्यंत आले तेव्हा तो ‘तीन, दोन, एक’ म्हणाला. पुढची माहिती त्यांनी हवेत दिली. व्हिडिओत ती ‘आई गं’ अशी ऐकू येते. आता त्यावर तुतारीचं संगीत घातलं आहे आणि वार्षिक सभेत देणगीदारांना दाखवायचा त्यांचा आग्रह आहे. पण त्यांना न्याय द्यायला हवा : उडी त्यांनी मारली. आमच्यातले बाकीचे कठड्याला धरून उभे होते.

परतीच्या गाडीत ते गप्प गप्प होते. संडासाकडे जाताना पलीकडच्या दारानं जायचे, कारण अलीकडच्या दाराशी खजिनदार बाईंची जागा होती. आयुष्यभर बँकेत काढलेल्या या बाई शिबिराचा प्रत्येक खर्च चष्म्यांत मोजतात. जीपचं एक भाडं म्हणजे इतके चष्मे, राफ्टिंग म्हणजे तितके. निर्भयरावांनी उडीची पावती ‘प्रशिक्षण व मनोबल’ या सदरात लावून लिफाफ्यात सरकवली होती. ती बाईंना सापडली तेव्हा गाडी भोपाळच्या पुढे होती.

“या, बसा.” बाईंनी पावती पुढे ठेवली. “ह्या उडीत पन्नास चष्मे बसतात. वाचा बघू, काय लिहिलंय?”

निर्भयरावांनी पावती लांब धरली. डब्यातला दिवा मंद आहे म्हणाले. बाईंनी पायाखालचं उरलेलं खोकं ओढलं, त्यातून दोनचा चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवला. निर्भयरावांनी मान झटकली, नको नको म्हटलं, मला लांबचं अगदी स्वच्छ दिसतं म्हटलं. सुई टोचायला आलेल्या नर्ससमोर पोरं करतात ते सगळं केलं. मग खाली पाहिलं आणि आकडा वाचून त्यांचा चेहरा बदलला.

“एवढे घेतले त्यांनी?”

“तुम्हीच दिलेत. व्हिडिओचे वेगळे.”

त्यांनी मुकाट्यानं पाकीट काढलं. बाईंनी उडी ‘वैयक्तिक’मध्ये टाकली, लाभार्थ्यांची यादी उघडली आणि शेवटच्या ओळीत त्यांचं नाव लिहिलं. नंबर दोन, चष्मा एक.

“बाई,” निर्भयराव इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले, “वयाचा रकाना कोरा सोडता येईल का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “आणि सही दोन ठिकाणी करा. ह्या खेपेला वाचून.”