शिबिरकर काका

निवासी कार्यशाळा कुठलीही असो, जलरंगांची, निब-शाईची, बोधचित्रांची, तिथे शिबिरकर काका असतातच. हे त्यांचं आडनाव नव्हे, हुद्दा आहे. खरं आडनाव गोखले असेल, गायकवाड असेल. ते बँकेतून, विम्यातून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतात. शाळेत एलिमेंटरीला त्यांना ए ग्रेड मिळालेली असते आणि इंटरमिजिएटला बी, आणि ती बी अजून सलत असते. "संकल्पचित्रात मार्क गेले हो माझे. स्थिरचित्र बघाल तर..." आपण बघू शकत नाही, कारण ते 1974 साली परीक्षकांकडे गेलं ते गेलंच.

मी ज्यांच्याबद्दल सांगतोय ते काका बँकेतले. वाईला बोधचित्रांची पाच दिवसांची निवासी कार्यशाळा होती. शिकवणारे सर जेमतेम तिशीचे. काका त्यांना 'सर' म्हणायचे आणि सर त्यांना 'काका', त्यामुळे कोण कुणाला शिकवतंय याचा ऐकणाऱ्याला पत्ता लागत नसे. बाकी मंडळी नेहमीचीच: आयपॅडवरून मान वर न करणारा एक मुलगा, फुटपट्टीशिवायही सरळ रेघ मारणारी एक आर्किटेक्ट, आणि एक शाळेतले कलाशिक्षक, जे पहिल्याच दिवशी सवयीने सगळ्यांच्या वह्या गोळा करायला निघाले होते.

काकांचं सामान उतरवायला दोन माणसं लागली. घडीचा ईझल, घडीचं स्टूल, घडीची छत्री, घड्या न होणारा एक मोठा ड्रॉइंग बोर्ड, कागद वाळवायला केसांचा ड्रायर ("हिचाच आणलाय, तिला सांगू नका"), आणि बांबूच्या चटईत गुंडाळलेले ब्रश. चटई उलगडली तेव्हा सगळे जमले. खारीच्या केसांचा मॉप, सेबलचा आठ नंबर, बारा नंबर, झाडांच्या फांद्यांसाठी लांब केसांचा रिगर. एकाही ब्रशाला रंग लागलेला नव्हता. टोकांवर दुकानातली प्लास्टिकची टोपणं तशीच. मग कागद. काका कागद दाखवत नाहीत, त्याची ओळख करून देतात. "शंभर टक्के कॉटन. तीनशे जीएसएम. कोल्ड प्रेस. हात लावून बघा. असा नाही, बोटाच्या मागच्या बाजूने." आर्किटेक्टबाईंनी बोटाच्या मागच्या बाजूने हात लावला आणि तसाच तो कागद परत प्लास्टिकच्या पिशवीत गेला.

रंगांचं ज्ञान तर असं की दुकानदाराने शिकवणी लावावी. आपण अल्ट्रामरीन म्हणतो. काका 'पीबी 29' म्हणतात, तेही खातेक्रमांक सांगावा तशा स्वरात. जुन्या बर्न्ट सिएनात आणि नव्या बर्न्ट सिएनात काय फरक पडला, कुठला निळा उन्हात उडतो, कुठला वर्षानुवर्षं टिकतो, सगळं तोंडपाठ. टिकण्याची एवढी काळजी करणाऱ्या या माणसाचं एकही चित्र अजून उन्हात गेलेलं नाही, ही वेगळी गोष्ट. सरांनी पहिल्या दिवशी पोरासोरांना सांगितलं, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, छान जिवंत करडा मिळतो, काळ्याची ट्यूब घरी ठेवा. काकांनी अनुमोदन दिलं आणि आपली अल्ट्रामरीनची ट्यूब पिळली. काही आलं नाही. ती आतल्या आत कधीच वाळून दगड झाली होती. शेवटी आयपॅडवाल्या मुलाने बॅगेच्या तळातून लहानपणीची कॅमलची बारा वड्यांची डबी काढून दिली.

चहाच्या वेळी मात्र काका खुलायचे. शि. द. फडणीसांचं 'मोहिनी'चं ते मुखपृष्ठ, बसस्टॉपवर उभी असलेली मांजरांच्या साडीतली मुलगी आणि उंदरांच्या शर्टातला मुलगा, हे त्यांनी इतक्या वेळा वर्णन करून सांगितलं की तिसऱ्या दिवशी मला त्या बसचा नंबरही आठवायला लागला. दीनानाथ दलालांचा विषय निघाला की आवाज हळवा व्हायचा. सर्वांत आवडते वसंत सरवटे. "सरवटे कोण होते माहीत आहे? सिव्हिल इंजिनीअर! सिमेंट कंपनीत नोकरी! आर्ट स्कूलचं तोंड पाहिलं नाही!" हे सांगताना त्यांची छाती अशी भरून यायची, जणू आर्ट स्कूलचं तोंड न पाहण्याच्या बाबतीत तरी आपण सरवट्यांच्या बरोबरीला आहोत. सरवटे नोकरी सांभाळून आयुष्यभर काढत राहिले, हा वाक्याचा उरलेला भाग चहाबरोबर थंड व्हायचा.

पण काकांना हसून सोडून देता येत नाही. मराठी बोधचित्र वाढलं ते दिवाळी अंकांवर. दीनानाथ दलालांनी 1945 साली स्वतःचा 'दीपावली' काढला, त्याआधीपासून आणि त्यानंतरही कथेला चित्र काढणाऱ्या माणसाच्या डोक्यावर एकच तलवार असे: दिवाळीची तारीख. दिवाळी पुढे ढकलता येत नाही. छापखाना खोळंबलेला, ब्लॉक करायला टाकायचेत, लेखकाची कथा उशिरा आलेली, आणि चित्र उद्या सकाळी हवंय. तेव्हा कागदाला बोटाच्या मागच्या बाजूने कोण हात लावत बसणार? काकांसाठी मात्र कुणाचाच छापखाना खोळंबलेला नाही. घरी त्यांनी आज चित्र काढलं काय, पुढच्या संक्रांतीला काढलं काय, जगात कुणाचं अडत नाही. नोकरीत असताना मार्चएंडला ज्या माणसाने शिव्या घातल्या, तो निवृत्तीनंतर पदरचे पैसे मोजून पाच दिवसांसाठी मार्चएंड विकत घेतो. माझ्या मते कार्यशाळेची फी ही शिकवण्याची नसतेच. 'चार वाजता चित्र भिंतीवर लागलं पाहिजे' असं कुणीतरी आपल्याला दरडावून सांगावं, त्याची ती फी असते.

तरीही पहिले तीन दिवस काकांनी त्या मार्चएंडला हुलकावणी दिली. एका सकाळी सगळे मेणवलीच्या घाटावर स्केचिंगला गेलो. काकांना जागा पसंत पडेपर्यंत सावल्या उलट्या झाल्या. मग ईझल उभा करून, टोपी घालून, कोऱ्या कागदासमोर ते असे काही बसले की पर्यटकांनी त्यांनाच सर समजून गराडा घातला. काकांनी त्यांना नाना फडणवीसांचा वाडा सांगितला, वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा दाखवली, 'स्वदेस'चं शूटिंग याच घाटावर झालं हे सांगितलं. एका कुटुंबाने कोऱ्या कागदासकट त्यांचा फोटोही काढून नेला. खरे सर पायरीवर बसून चित्र काढत होते, त्यांना कुणीतरी जरा बाजूला सरका म्हणालं.

रात्री काकूंचा फोन आला. स्पीकर चुकून चालू राहिला होता.

"काही काढलंत का?"

"अगं, आधी कागद समजून घ्यावा लागतो."

"घरी तीन वर्षं समजून घेताय ना त्याला?"

मुख्य काम होतं चिऊ-काऊच्या गोष्टीचं. बत्तीस पानांचं चित्रपुस्तक, म्हणजे आठपानी चार फर्मे, असं धरून प्रत्येकाने एक जोडपान करायचं. सरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, जोडपानाच्या मधल्या शिवणीत कुणाचं तोंड येऊ देऊ नका. दुसरी मला फार पटली. वाक्यात जे आलंय तेच चित्रात परत काढू नका. चिऊ आत बाळाला आंघोळ घालतेय, तीट लावतेय, झोपवतेय, हे लिहिलेलंच आहे. तेवढा वेळ दाराबाहेर काऊ काय करतोय, ते कुणी लिहिलेलं नाही. ते काढा. आधी अंगठ्याएवढी वीस कच्ची चित्रं, मग त्यातलं एक निवडून पक्कं.

काकांनी फुटपट्टी काढली. तासाभरात वीस चौकोन तयार झाले; एकसारखे, काटकोनी, वर कोपऱ्यात अनुक्रमांक. खतावणीचं इतकं देखणं पान मी पाहिलेलं नाही. पण जमा-खर्च दोन्ही शून्य. सर येऊन उभे राहिले तेव्हा काका म्हणाले, "सर, एक शंका आहे. काऊ नेमका कुठला? गावकावळा की डोमकावळा?"

"काका, काऊ हो. गोष्टीतला."

"तसं नाही. गावकावळ्याची मान करडी असते. डोमकावळा अख्खा काळा. पोरांच्या हातात चुकीची माहिती जायला नको."

यावर चौथा दिवस गेला. काकांनी पक्ष्यांची पुस्तकं चाळली, वाड्याच्या कौलांवर बसलेल्या कावळ्यांचे फोटो काढले, स्वयंपाकघरातून पोळीचे तुकडे नेऊन कावळे बोलावले. स्वयंपाकाच्या मावशींना वाटलं आज कुणाचं तरी श्राद्ध आहे. संध्याकाळी निकाल जाहीर झाला: शेणाचं घर बांधून माणसांच्या वस्तीजवळ राहतो, त्या अर्थी गावकावळाच. मान करडी.

पाचव्या दिवशी साडेतीनला सरांनी भिंतीवर दोऱ्या बांधल्या, चिमटे लावले आणि सगळ्यांकडे एकदा बघितलं. काकांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते बँकेत त्यांच्या साहेबांनी अनेकदा पाहिलं असणार. कॉटनचा कागद पिशवीतून काढायला वेळ नव्हता. शेजारच्या मुलाच्या वहीतलं पान फाडलं, त्याच्याच डबीतली निळी आणि तपकिरी वडी घोळवली, आणि हाताला आला तो ब्रश त्यात बुडवला. वीस मिनिटांत दारासमोर काऊ उभा राहिला. भिजून चिपाड झालेला, एक पाय वर घेतलेला, चोच दाराच्या फटीला लावलेली. मान करडी, तीही ओल्यात ओला रंग सोडल्यामुळे आपसूक पाठीत विरघळलेली. शिवण चोचीपासून दोन बोटं लांब. आयपॅडवाल्या मुलाने आयपॅड खाली ठेवला. कलाशिक्षक 'वा' म्हणाले, आणि कलाशिक्षक सहसा म्हणत नाहीत.

सर धावत आले. "काका, झालं. आता हात लावायचा नाही. ब्रश खाली."

"फक्त डोळ्यात एक पांढरा ठिपका देतो."

ठिपका मोठा झाला, म्हणून भोवती थोडा काळा दिला. काळा एकटा पडला, म्हणून चोचीला दिला. चोच जड झाली, तेव्हा तोल सांभाळायला पंखांना दिला. मागच्या आभाळात, अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्याचा थेंब पडून फ्लॉवरचा गड्डा उमटला; तो झाकायला पाऊस वाढवावा लागला. करडी मान त्या पावसात उठून दिसेना, म्हणून तिच्यावरून एक हात फिरवला. मग दुसरा. चार वाजून दहा मिनिटांनी दोरीला जो लागला तो चोचीपासून शेपटापर्यंत ठार काळा, धष्टपुष्ट डोमकावळा होता, आणि चिऊने दार का उघडलं नाही हे त्याच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं.

सर बराच वेळ चित्रासमोर उभे होते. "काका, मान करडी होती ना?"

काका ड्रायरची वायर गुंडाळत होते. "असं बघा सर," ते म्हणाले, "तो गावकावळा होता असं गोष्टीत कुठे लिहिलंय?"