सोसायटीतला स्टुडिओ

आमच्या डोंबिवलीतल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक स्टुडिओ राहतो. हे जागेचं नाव नव्हे, माणसाचं. खरं नाव आता रेशनकार्डावरच उरलंय. दिवसा तो फोर्टला विम्याच्या ऑफिसात असतो आणि रात्री जेवणं आटपली की संगीतकार होतो. असा एखादा हल्ली प्रत्येक सोसायटीत सापडतो. खूण सोपी आहे. ‘काय नवीन?’ म्हणून विचारा. तो गाण्याबद्दल बोलत नाही, काय डाउनलोड होतंय ते सांगतो.

त्याचा नियम एकच. वस्तू फुकट हवी, नाहीतर फुकटात जमा. चोरीची मात्र चालत नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घेऊन आलेल्या भाच्याला त्याने चहा न देता परत पाठवलं होतं. ऑडॅसिटी हे आवाज कापायजोडायचं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलं आणि २००० सालापासून फुकट मिळतं, हे तो घरातलं बारसं असल्यासारखं सांगतो. एलएमएमएस आहे, व्हायटल नावाचा सिंथ आहे. म्यूझस्कोअर तर स्वरलेखन येत नसतानाही आहे. गॅरेजबँडसुद्धा फुकटच, पण त्यासाठी आधी ॲपलचं यंत्र विकत घ्यावं लागतं. हे सांगताना मात्र त्याच्या आवाजात कोमल निषाद लागतो.

मुख्य काम चालतं रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर. विनॲम्पवाल्या जस्टिन फ्रँकलचंच हे अपत्य. साठ दिवस वापरून बघा, पटलं तर घरगुती परवान्याचे ६० डॉलर द्या, असा सरळ व्यवहार. साठ दिवस उलटले तरी ते बंद पडत नाही. सुरू करताना फक्त एक खिडकी येते आणि तुम्ही किती दिवस ‘बघताय’ ते नम्रपणे सांगते. वाण्याच्या वहीत एवढी सभ्यता मी पाहिली नाही. परवा त्याच्या खिडकीतला आकडा १,९००च्या पुढे गेला होता. ‘अजून नीट बघून झालं नाही,’ तो म्हणाला. ही कुठली चोरी, असं मी विचारलं नाही. माझा चहा यायचा होता.

एरवी माणूस सोशिक. सकाळची फास्ट अकरा मिनिटं उशिरा आली तरी हूं की चूं करत नाही. पण तोंडातून निघालेला ‘सा’ हेडफोनमधून कानात यायला जरा वेळ लागला की त्याचा जीव खालीवर होतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, बफर १,०२४चा, म्हणजे २३ मिलिसेकंद तिथेच गेले, हा हिशेब त्याने मला जिन्यात उभं करून तीनदा समजावलाय. बफर कमी केला तर आवाज तडतडतो, वाढवला तर रेंगाळतो. या ओढाताणीत रात्रीचे दोन वाजतात. ‘सा’च्या पुढचे सहा स्वर अजून झालेले नाहीत.

गेल्या वर्षी गणपतीसाठी आरतीचं रेकॉर्डिंग करायचं ठरलं. त्याने कपड्यांच्या कपाटासमोर चार गोधड्या टांगल्या आणि त्यांत पाच काकूंना उभं केलं. पंखा बंद. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, ‘अरे, शिट्टी थांबवू की डाळ?’ शिट्टी आलीच. मग नॉइज रिडक्शन. त्याची मात्रा त्याने इतकी वाढवली की शिट्टी गेली, उरलीसुरली घरघर गेली आणि काकू विहिरीतून गायल्यासारख्या वाटू लागल्या.

हे झाकायला घुमारा हवा. एखाद्या वास्तूत आवाज सोडून तिथला नाद टिपतात आणि तो कुठल्याही गाण्यावर चढवता येतो. यॉर्क विद्यापीठाने असे नाद जमवून ठेवलेत. स्टुडिओने त्यातला चांगला लांबलचक निवडला. स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टन मॉसोलियमचा. पहिल्या दिवशी आरती मांडवात लावली तेव्हा पहिल्या कडव्यावर दुसरं कडवं येऊन बसलं, टाळ्या कुणावर द्यायच्या कळेना, आणि काकू थांबल्यावरही आरती चालूच राहिली. प्रसाद वाटायचा की नाही, यावर कमिटीत दोन तट पडले.

‘काय रे, कुठलं देऊळ हे?’ सेक्रेटरींनी कौतुकाने विचारलं.

‘देऊळ नाही काका, थडगं आहे. पण नाद बघा ना!’

उरलेले दिवस त्याच्या आईने मोबाइलवर टिपलेली तालीम वाजली. शिट्टीसकट. काकूंना तीच आवडली.

यंदाचं कामही कमिटीने त्यालाच दिलंय. फुकट करून देणारा दुसरा कोणी नाही.