प्रवास पुरे, कामाचं विचारा

“तुमचा इथवरचा प्रवास कसा झाला?” हा प्रश्न मराठी व्यासपीठांवरून आता कायमचा खाली उतरवा. समोर आयुष्यभर पखवाज वाजवलेले बुवा बसलेले असतात. डाव्या पुडीवर थापायची कणीक किती सैल मळायची, भर मैफलीत ती सुकायला लागली तर काय करायचं, पावसाळी हवेत वाद्य सुरात कसं राखायचं, हे त्यांच्याइतकं नेमकं कोण सांगणार? आणि आपण त्यांना प्रवास विचारतो. मग बुवाही सांगतात: गुरुगृही पाणी भरलं, पहिली बिदागी अमुक मिळाली, घरच्यांनी साथ दिली. हेच त्यांनी मागच्या वर्षी शेजारच्या तालुक्यात सांगितलेलं असतं. त्यांना ते पाठ झालेलं असतं. टाळ्या पडतात, संयोजक घड्याळ दाखवतात आणि कणकेची गोष्ट बुवांबरोबर परत जाते.

मला याचा राग येतो, कारण ती गोष्ट बहुतेक वेळा दुसरीकडे कुठेच लिहिलेली नसते.

वेळ नाही ही सबब आता चालणार नाही. सभागृहात दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ आटोपेपर्यंत मुलाखतीला चाळीस मिनिटं उरायची, हे खरं. पण पॉडकास्ट आले आणि घड्याळाचा जाच गेला. अमित वर्मा यांनी २०१७ मध्ये ‘द सीन अँड द अनसीन’ सुरू केलं तेव्हा त्याचे भाग आटोपशीर असत. पुढे ते कित्येक तासांचे झाले, तरी ऐकणारे टिकले. मराठीतही दोन-दोन तासांच्या गप्पा रोज येतात. त्यातल्या बऱ्याचशा ऐकून पाहा. अर्धा तास बालपण, मग संघर्ष, मग “आजच्या तरुणांना काय संदेश द्याल?” चाळीस मिनिटांचाच ऐवज दोन तास ताणलेला असतो. पाहुण्यांचं पुस्तक मलपृष्ठापुरतं वाचलेलं असतं, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. पाहुण्यांना तर त्याच्याही आधी कळतं. मग तेही हातचं राखून बोलतात.

तयारी कशाला म्हणतात ते पाहायचं असेल तर १९६२ सालच्या हॉलिवूडमध्ये जावं लागेल. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो तेव्हा तिशीचा होता. तीन चित्रपट त्याच्या नावावर होते, इंग्रजी जेमतेम. त्याने आल्फ्रेड हिचकॉकला पत्र लिहून सविस्तर मुलाखत मागितली. अमेरिकेत तेव्हा हिचकॉक म्हणजे उत्तम करमणूक करणारा गृहस्थ, एवढीच बऱ्याच समीक्षकांची समजूत होती. हा माणूस सिनेमाच्या भाषेचा मोठा जाणकार आहे, हे त्रुफोला सिद्ध करायचं होतं. १३ ऑगस्टला, हिचकॉकच्या त्रेसष्टाव्या वाढदिवशी, युनिव्हर्सल स्टुडिओत दोघं बसले. मध्ये दुभाषी हेलन स्कॉट. टेपरेकॉर्डर चालू. जवळपास आठवडाभर, मूकपटांपासून सुरुवात करून, एकेक चित्रपट हातात घेत. पुस्तक फ्रेंचमध्ये १९६६ साली आलं. आठवड्याच्या बोलण्यावर चार वर्षं काम झालं.

त्यातली एक जागा मला फार आवडते. ‘सस्पिशन’ या १९४१ च्या चित्रपटात कॅरी ग्रँट दुधाचा ग्लास घेऊन अंधाऱ्या जिन्याने वर जातो. दुधात विष आहे का, ही प्रेक्षकांची धास्ती. हिचकॉक आपणहून त्या दृश्याचा विषय काढतो आणि सांगतो, मी दुधात दिवा ठेवला होता. त्रुफो लगेच विचारतो, म्हणजे ग्लासवर प्रकाशझोत टाकला होता का? नाही, हिचकॉक म्हणतो, दिवा ग्लासच्या आतच होता, कारण सगळ्यांची नजर फक्त त्या ग्लासवर खिळायला हवी होती.

हा दुसरा प्रश्न किती छोटा आहे बघा. पण तो विचारायला प्रकाशयोजना कळावी लागते, दृश्य डोळ्यांसमोर असावं लागतं आणि समोरचा बोलताना पुढच्या प्रश्नाचा कागद शोधायचा नसतो. आपल्याकडचा मुलाखतकार इथे “वा, क्या बात है!” म्हणाला असता आणि बालपणीच्या आठवणींकडे वळला असता. त्या एका ‘वा’पायी केवढं ज्ञान दर आठवड्याला आपल्या हातून निसटत असेल!

शास्त्रज्ञांच्या बाबतीत तर आपण आणखी आळशी आहोत. त्यांना “विज्ञान आणि अध्यात्म यांचा मेळ कसा घालता?” विचारलं की आपलं काम झालं. १९६६ साली विज्ञानाचे इतिहासकार चार्ल्स वाइनर हे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनसमोर बसले. आदल्याच वर्षी फाइनमनना नोबेल मिळालेलं होतं, म्हणजे गौरवाची भाषणं करायला निमित्त आयतं होतं. पण नंतरच्या एका बैठकीत वाइनर बोलत होते फाइनमनच्या हातच्या कागदांबद्दल, आकडेमोडींबद्दल. हे कागद म्हणजे तुमच्या रोजच्या कामाची नोंदच, असं काहीसं ते सहज म्हणाले आणि फाइनमनने त्यांना अडवलं. नोंद नाही, म्हणाले, मी काम केलं तेच मुळी कागदावर. वाइनरना वाटत होतं, काम डोक्यात झालं आणि कागदावर त्याची खूण राहिली. फाइनमनचं म्हणणं, कागदाशिवाय ते काम झालंच नसतं. माणूस विचार कसा करतो याबद्दल इतकी मोलाची गोष्ट, आणि ती बाहेर आली कागदांबद्दलच्या एका साध्या वाक्यातून. त्या बैठकांच्या संहिता आज कुणालाही वाचता येतात.

मुलाखतकाराने किती दिसावं, हेही एकदा बोलून टाकू. बीबीसीवर १९५९ ते १९६२ या काळात जॉन फ्रीमन ‘फेस टू फेस’ करत. कार्ल युंग, बर्ट्रंड रसेल यांच्यासारखी माणसं समोर. कॅमेरा पाहुण्याच्या चेहऱ्यावर खिळलेला. फ्रीमन बहुतेक वेळ पाठमोरे. आज आमच्याकडे पाहुण्यांपेक्षा यजमानाचा माईक मोठा, जाहिरातीच्या चित्रावर यजमानाचा चेहरा मोठा आणि पाहुण्यांचं वाक्य पूर्ण होण्याआधी यजमानांचा स्वतःचा अनुभव हजर. थांबा जरा. बोलणारे विचार करत असतील तर करू द्या. त्यांनी विचार करायला घेतलेला वेळही संकलनात कापू नका.

आणि लांबलचक बोलायला माणूस नामवंतच हवा, हेही कुठून आलं? शिकागोच्या रेडिओवर पंचेचाळीस वर्षं बोललेल्या स्टड्स टर्केलने १९७४ साली ‘वर्किंग’ हे पुस्तक काढलं. त्यात पोलाद कारखान्यातला मजूर आहे, कचरा उचलणारा आहे, हॉटेलात वाढणारी बाई आहे. ती बाई सांगते की आपण ताट टेबलावर ठेवतो तेव्हा आवाज होत नाही. आपल्या कामाबद्दलचा तिचा अभिमान त्या ताटात आहे. टर्केलला तिचं दुःख ऐकून मोकळं होता आलं असतं. त्याने कामाबद्दल विचारलं, म्हणून हे मिळालं.

आपल्याकडे देशी बियाणं जपणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. तेव्हापासून त्यांना ‘बीजमाता’ म्हणून हार घालणारे पुष्कळ भेटले. वालाच्या दोन वाणांतला फरक त्या शेंग हातात घेऊन कसा ओळखतात, बियाण्यासाठी कोणती शेंग वेलीवरच राखतात आणि कोणती भाजीला तोडतात, कीड लागली हे कशावरून समजतं, याचीच तीन तासांची मुलाखत व्हायला हवी. तीही त्यांच्या बोलीत, त्यांच्या परसात.

बोलीचा मुद्दा कळीचा आहे. आपल्या दिवाळी अंकांत लांब मुलाखतींची परंपरा चांगली आहे, तिने पिढ्या वाढवल्या आहेत. पण शब्दांकन करणाऱ्यांचा हात कधीकधी फार जड पडतो. तमाशातली बाई, मासेमारी करणारा, गवंडी, सगळे छापून येतात तेव्हा एकाच प्राध्यापकी मराठीत बोलायला लागतात. “मी अंतर्मुख झाले” असं ती बाई म्हणाली नव्हती. ती जे म्हणाली होती ते छापा. अडखळली असेल तर अडखळू द्या.

साहित्य संमेलनवाल्यांनो, व्याख्यानमालावाल्यांनो, नगरवाचनालयांच्या कार्यकारिणीतल्या मंडळींनो, एक सत्कार कमी करा. त्या पैशांत एक चांगला रेकॉर्डर येतो. तालुक्यातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या कारागिरांची, मास्तरांची, सुइणींची यादी करा. ज्याला त्या कामातलं थोडंफार कळतं त्यालाच विचारायला बसवा, आवाज छान म्हणून कुणाला बसवू नका. न कापलेलं ध्वनिमुद्रण वाचनालयात ठेवा, कुणालाही ऐकता येईल असं. आणि सुरुवातीला काय विचारायचं हे सुचत नसेल तर पाथरवटाकडे जा आणि एवढंच विचारा: जात्याला टाकी लावताना घाव किती खोल घ्यायचा, आणि तो जास्त झाला तर पीठ कसं पडतं?