दहा वर्षांखालील मुलांनी बागेत येऊ नये

कोरोनाच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने करमणूक उद्यानांसाठी एक नियमावली काढली. विनोदी साहित्यात तिची गणना कुणी केली नाही, हा मराठी समीक्षेचा नेहमीचा आळस. १५ ऑक्टोबरपासून पाळणे, चक्रं, घसरगुंड्या, छोट्या आगगाड्या सगळं उघडायला परवानगी मिळाली. फक्त पासष्टच्या वरची माणसं, जुनी दुखणी असलेले, गरोदर बायका आणि दहा वर्षांखालची मुलं यांनी घरीच थांबावं, असा सल्ला होता. उरलं कोण? दहा ते पासष्ट वयाचे, साखर नसलेले, रक्तदाब नसलेले सद्‌गृहस्थ. विमा एजंट, हेडक्लार्क, लूमचे मुकादम. लाकडी घोड्यावर बसून गोल गोल फिरायची सोय सरकारने अखेर यांच्यासाठी करून दिली, आणि तीही सहा फुटांचं अंतर राखून.

गृह मंत्रालयाच्या आदेशात मात्र एक फट ठेवलेली होती. अत्यावश्यक गरजेसाठी किंवा आरोग्याच्या कारणासाठी मुलांना बाहेर पडता येईल. आता पाळणा अत्यावश्यक आहे की नाही, हे ठरवायला दिल्लीतल्या सचिवांना बसवायचं की आमच्या घरातल्या चार वर्षांच्या मुलीला? मार्चपासून ती सुरतेच्या उधन्यातल्या चाळीच्या गॅलरीत उभी राहून खालची बंद लारी बघत होती. तिच्या मते पाळणा अत्यावश्यक होता, आंघोळ नव्हती.

'आरोग्याचं कारण' या शब्दांचा खरा उपयोग मात्र केवडियाला झाला. सुरतेपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, सरदार पटेलांच्या पुतळ्याच्या परिसरात, ३० ऑक्टोबर २०२० रोजी पंतप्रधानांच्या हस्ते एका बालोद्यानाचं उद्‌घाटन झालं. नाव चिल्ड्रन न्यूट्रिशन पार्क. मुलांनी घरी थांबावं या सल्ल्याची शाई पुरती वाळलीही नव्हती. आत 'न्यूट्री ट्रेन' नावाची छोटी गाडी, आणि तिची स्टेशनं फलशाक गृहम्, पयोनगरी, अन्नपूर्णा, पोषण पुराण, स्वस्थ भारतम्. उद्‌घाटनाच्या दिवशी पंतप्रधान स्वतः त्या गाडीतून फिरले. वय सत्तर, म्हणजे पासष्टच्या वर. पण काम पोषणाचं, म्हणजे आरोग्याचं. कायद्यात हे कुठेही अडकत नाही. पोरांना दीडशे किलोमीटर नेऊन 'भाजी खा, दूध पी' एवढंच ऐकवायचं, हा बेत समस्त आयांना मात्र फार पसंत पडला. आमच्या घरी तर बापाचा खिसा रिकामा झाला तरी चालेल पण पोरांना पोषण पुराण दाखवूच, इथपर्यंत गोष्ट गेली होती. शेवटी पेट्रोलच्या हिशेबाने ती थांबली आणि आम्ही शहराबाहेरच्या एका पार्कात गेलो. त्याचं नाव सांगत नाही; बिचाऱ्यांनी सगळे नियम पाळले होते.

उधन्याहून आम्ही शटल रिक्षाने निघालो. मागे आम्ही चौघं, वर एक अनोळखी बाई, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं. गुडघ्यात गुडघा, कोपरात कोपर. या प्रवासाला कुठलीच नियमावली नव्हती. विषाणू रिक्षात चढत नाही, तो फाटकाशी वाट बघतो, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

फाटकावर दोन फलक शेजारी शेजारी होते. एकावर लिहिलं होतं, दहा वर्षांखालील मुलांनी घरी थांबावं. दुसऱ्यावर, दहा वर्षांखालील मुलांना अर्धं तिकीट. पहारेकरी पहिल्या फलकाचा माणूस होता.

"छोकरांने घेर मूकीने आवो ने, साहेब."

"मुलांना घरी ठेवून कुणाबरोबर येऊ?"

"एकला आवो. मजा आवशे."

तिकीट खिडकीतला माणूस दुसऱ्या फलकाचा होता. सल्ला आहे, हुकूम नाही, असा कायद्याचा बारकावा त्याने समजावून सांगितला आणि चार पावत्या फाडल्या. मग कपाळावर थर्मामीटरची बंदूक. सात वर्षांच्या चिरंजीवांनी ती बघताच हात वर केले. आकडा आला त्र्याण्णव. वैद्यकशास्त्राप्रमाणे तो गारठून आडवा व्हायला हवा होता. पण नियम ताप नसावा असा होता, जिवंत असावा असा नव्हता, त्यामुळे आत सोडलं. जमिनीवर सहा-सहा फुटांवर पांढरी वर्तुळं रंगवली होती. एकेका वर्तुळात उभं राहायचं, असा त्यांचा अर्थ मोठ्यांना लागला. पोरांनी लगेच लंगडी घालायला घेतली, आणि दिवसभरात सगळ्यात जास्त मजा तिथेच झाली असावी.

छोट्या आगगाडीत एकाआड एक बाकावर लाल चिकटपट्टीची फुली. घरी एका अंथरुणावर झोपणारं, रिक्षात एकमेकांच्या मांडीवर बसून आलेलं कुटुंब इथे विभक्त झालं. धाकटी एकटी बसून रडायला लागली, तेव्हा आईने फुलीवरून हात लांब करून तिचा फ्रॉक धरला. शिट्टी वाजली. फुलीवर हात ठेवायची परवानगी नव्हती. गाडी बोगद्यात शिरल्यावर काय झालं ते मी सांगणार नाही. नियमभंगाला मुदत किती असते याची मला कल्पना नाही.

जपानने या बाबतीत आपल्यापेक्षा सरळ मार्ग काढला होता. २०२० च्या उन्हाळ्यात तिथल्या उद्यानांच्या संघटनेने लोकांना रोलर कोस्टरवर न ओरडण्याची विनंती केली, आणि फुजी-क्यू हायलँड या उद्यानाच्या दोन सुटाबुटातल्या अधिकाऱ्यांनी मास्क लावून, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता ती फेरी करून दाखवली. शेवटी संदेश: कृपया मनातल्या मनात ओरडा. जगाला याचं मोठं कौतुक वाटलं. आपल्याकडच्या सुना आणि निकालाच्या दिवसाची पोरं हे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत, त्याचं कुणी चित्रीकरण केलं नाही, एवढंच.

मास्कचा दंड गुजरातने दोनशेवरून पाचशे आणि ऑगस्ट २०२० मध्ये हजारावर नेला होता. डिसेंबरात तर उच्च न्यायालयाने विनामास्क सापडणाऱ्यांना कोविड केंद्रात सेवेला पाठवावं असं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्या एका दिवसात आमच्या घरात मोठी धास्ती होती. धाकटी म्हातारीचे केस खाताना मास्क हनुवटीवर घेते, आणि तिला फरशी पुसायला पाठवलं तर केंद्राचं काय होईल, ही काळजी कुणी बोलून दाखवली नाही.

सगळ्यात हाल झाले ते वेळेचे. २१ नोव्हेंबरपासून सुरतेत रात्री नऊ ते सकाळी सहा संचारबंदी. ज्याने हा आकडा काढला तो सुरतेत जेवलेला नसावा. इथलं कुटुंब रात्री नऊला घरी परतत नाही, तेव्हा ते घराबाहेर पडतं. चटई, डबे, आजी, सगळं घेऊन रस्त्याकडेला बसायचं आणि पोरांनी फुटपाथवर हुंदडायचं, हीच इथली खरी, बिनतिकिटाची बाग. चांदनी पडव्याच्या सणाला तर अख्खं शहर घारीची मिठाई आणि भुसूचं फरसाण घेऊन रस्त्यावर येतं. ती बाग बंद झाली म्हणून लोक तिकिटाच्या बागेकडे वळले, आणि आठ वाजल्यापासून घड्याळाकडे बघत पोरांना पाळण्यावरून ओढू लागले.

मग आला २०२१ चा फेब्रुवारी. २१ तारखेला महापालिकेचं मतदान. त्याआधीच्या सभांमध्ये, मिरवणुकांमध्ये पांढरी वर्तुळं कुणी रंगवली होती असं दिसलं नाही. मार्चमध्ये अहमदाबादेत इंग्लंडविरुद्धचे पहिले दोन टी-ट्वेंटी सामने प्रेक्षकांसह झाले, एकेकाला साठ हजारांच्या वर माणसं. मग आकडे वाढले. कारणाचा शोध सुरू झाला आणि अपराधी सापडले: मार्चच्या मध्यावर सुरतेतल्या बागा, प्राणिसंग्रहालय आणि मत्स्यालय बंद करण्यात आलं. मत्स्यालयातल्या माशांनी मतदान केलेलं नव्हतं, हा योगायोग समजावा.

आमच्या गॅलरीत त्या दिवसापासून 'पार्क-पार्क' सुरू झालं. खडूने वर्तुळं काढली. प्लास्टिकची बंदूक धरून धाकटी फाटकावर उभी राहिली, कारण पहारेकऱ्याची जागा तिने भांडून मिळवली होती. अख्ख्या मजल्याची पोरं रांगेत. कपाळावर बंदूक, हातावर नळाचं पाणी, फाडलेल्या वहीची पावती, मग पुन्हा रांगेच्या शेवटी. खूप वेळ हेच चाललं होतं. शेजारचे नाना, वय अडुसष्ट, कौतुकाने पुढे झाले आणि म्हणाले, "अगं, पण पाळणा कुठाय?"

"पाळणा बंद आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही घरी थांबा."