आग्नेय कोपऱ्यातली वास्तुशांत

"वहिनी, गोकर्णाला पाणी नंतर घाला. आधी सांगा, समोरच्यांच्या वास्तुशांतीला का नाही आलात?"

"ऑफिसचं ऑडिट हो, काकू. बाई आल्या होत्या ना पूजा सांगायला?"

"आल्या होत्या! कडक इस्त्रीची नऊवारी, खांद्याला पोथ्यांची पिशवी आणि वेळेच्या आधी पाच मिनिटं हजर. आमचे हे मुद्दाम पुढे जाऊन बसले, उच्चार चुकतोय का बघायला. पुण्याहवाचन संपेपर्यंत कान टवकारून होते, मग गपचूप मागे सरकले."

"शिकल्या कुठे म्हणे?"

"ज्ञानप्रबोधिनीत. पण हे काही आजचं नाही हं. सत्तरच्या दशकात थत्तेमामांनी इथे पुण्यातच बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं होतं. माझी नणंद जायची. मामांचं स्वतःचं मंगल कार्यालय. एका मुहूर्तावर तीन लग्नं गाठणारे गुरुजी रोज बघत असणार! आणि साकुरीला तर त्याच्याही कितीतरी आधीपासून उपासनी महाराजांच्या आश्रमातल्या कन्या यज्ञ करतात."

"पण फरक काय पडतो हो? मंत्र तेच ना?"

"तेच. पण एरवी होमात आपलं काम काय, तर नवऱ्याच्या हाताला हात लावून बसायचं. बाईंनी सुनेच्या हातात पळी दिली, म्हणाल्या, आहुती तुम्हीही घाला. अर्थ मराठीत सांगितला, तेव्हा मोबाइल बघणारी पोरंसुद्धा ऐकायला लागली. आणि सासूबाई... साहेब गेल्यापासून शुभकार्यात स्वयंपाकघर सोडत नाहीत त्या. बाईंनी नावाने हाक मारून पुढे बसवलं, अक्षता दिल्या. पदराने डोळे पुसत होत्या बिचाऱ्या."

"छानच की!"

"थांबा, खरी गंमत दक्षिणेची. गेल्या वर्षी थोरल्याकडे गुरुजींना जेवढी दिली, त्याच्या निम्मी! वर खणानारळाने ओटी भरली आणि म्हणे, तुम्ही घरच्यासारख्याच. आता गुरुजींना कोणी घरचं म्हणून निम्म्यात काढतं का हो?"

"त्या काही बोलल्या?"

"हसल्या, पाकीट पिशवीत टाकलं. म्हणून मी फाटकापाशी गाठून विचारून घेतलं, सहस्रचंद्रदर्शनाचं काय घेता. आकडा कळला. श्रावणानंतरची तारीखही सांगून ठेवली."

"काकांना चालेल?"

"त्यांना कुठे सांगितलंय अजून!"